सोनमच्या सत्तावीस कुंड्या

भीमाप्पांनी इचलकरंजीत अडतीस वर्षं मागांच्या शेडमध्ये काढली. ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे. शेडमध्ये चोवीस माग एकदम चालायचे, तेव्हा शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला ऐकू जायचं नाही. भीमाप्पा मात्र चालत्या मागाच्या चौकटीवर नुसता तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, "ह्याचा धोटा आज उडणार बघ. बंद कर आधी." बहुतेक वेळा ते खरं निघायचं; आडवा धागा नेणारा तो धोटा उडायच्या बेतात असायचा.

मग मालकानं जुने माग भंगारात घातले आणि नवे आणले. त्यांच्या दुरुस्तीला लॅपटॉप घेऊन पोरं यायला लागली. चौसष्टाव्या वर्षी भीमाप्पा घरी बसले. मुलगा मृत्युंजय शिरोलीच्या एमआयडीसीत होता. त्यानं कोल्हापुरात आर. के. नगरला फ्लॅट घेतला होता, तिथं आईवडलांना घेऊन आला. पाच महिने गेले आणि कंपनीनं त्यालाच बायकोपोरांसकट चाकणला पाठवलं. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये उरले भीमाप्पा आणि त्यांची बायको रत्नव्वा.

रत्नव्वा कुठंही रुजणारी बाई. महिन्याभरात तिला बिल्डिंगमधल्या बायकांची नावं, माहेरं आणि दुखणी पाठ झाली. भीमाप्पांचं उलटं झालं. सकाळी जाग आली तरी ते भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. आयुष्यभर अंघोळ केल्याबरोबर लिंगपूजेला बसणारा आणि कपाळाला विभूती लावल्याशिवाय चहा न पिणारा माणूस, त्याची पूजा आधी दुपारवर गेली, मग राहूनच गेली. दाढी आठ-आठ दिवस वाढायची. भाकरी अर्धी ताटात उरायची. शेडच्या आवाजानं कान आधीच अधू झालेले, त्यात इथली शांतता. "कानात कापूस कोंबल्यागत होतंय," असं ते एकदाच म्हणाले. नंतर तेही म्हणेनासे झाले.

ताप नाही, खोकला नाही, नुसता माणूस विझत चाललेला. मृत्युंजयनं फोनवर सांगितलं, "अव्वा, अप्पांना मनाच्या डॉक्टरकडं दाखवूया."

फोन स्पीकरवर होता. भीमाप्पांना नेमकं तेवढंच ऐकू गेलं. "मी काय येडा हाय व्हय?" म्हणाले आणि कूस बदलली.

जूनच्या शेवटी वरच्या मजल्यावरची सोनम खाली आली. तिशीची, एकटी राहणारी मुलगी, बँकेत अधिकारी. आईवडील पेठ वडगावला. तिला तीन महिने ट्रेनिंगसाठी नागपूरला जायचं होतं.

"काकू, घरात झाडं आहेत माझी. सत्तावीस कुंड्या. बाबांच्या पायाचं ऑपरेशन झालंय, त्यामुळं आईला वडगाव सोडता येत नाही. तुम्ही पाणी घालाल का?"

"घालीन की! त्यात काय एवढं?" रत्नव्वानं किल्ली ठेवून घेतली.

सोनमनं तिला वर नेऊन एकेक झाड दाखवलं. कुठलं खिडकीपाशी, कुठलं सावलीत, कुणाला किती पाणी, सगळं कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं. कोपऱ्यातल्या उंच, तलवारीसारख्या पानांच्या झाडावर हात ठेवून म्हणाली, "हे स्नेक प्लांट. याची अजिबात काळजी नाही. मारायला गेलं तरी मरत नाही."

रत्नव्वानं तीन दिवस पाणी घातलं. चौथ्या दिवशी तिचे गुडघे सुजले. बिल्डिंगला लिफ्ट नव्हती.

"अवो, उठा," ती नवऱ्याच्या उशाशी येऊन म्हणाली. "वर जाऊन झाडांना पाणी घालून या."

"मला न्हाय जमत."

"ती पोरगी इश्वासानं किल्ली देऊन गेलीया. झाडं वाळली तर मी तिला काय तोंड दाखवू? माझं गुडघं बघा हे. भोपळं झाल्यात."

भीमाप्पांनी गुडघे बघितले. खरंच सुजलेले होते. ते कण्हत उठले, धोतर सारखं केलं आणि किल्ली घेऊन जिना चढले.

फ्रिजवरच्या कागदावरची अक्षरं बारीक होती आणि चष्मा खाली राहिला होता. पाणी घातलं की झाड जगतं, त्यात वाचायचं काय? त्यांनी बाथरूममधून बादली भरली आणि प्रत्येक कुंडीत तांब्या-तांब्या ओतला. सत्तावीस कुंड्या झाल्यावर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. दम लागला होता. गेल्या कित्येक दिवसांत एवढी हालचाल झाली नव्हती. खुर्ची दिसली, तिच्यावर बसले.

समोर एका मोठ्या पानांच्या झाडाच्या शेंड्याला लालसर सुरळी होती, विडीएवढी. नीट बघितल्यावर कळलं, ते न उघडलेलं पान होतं. त्यांनी ती सुरळी बोटानं हळूच हलवून बघितली आणि खाली आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरळी थोडी सैल झाली होती. संध्याकाळी चहा झाल्यावर भीमाप्पा कुणी न सांगता उठले.

"कुठं चाललाय?"

"वर. नळ बंद केला का न्हाय, बघून येतो."

नळ बंदच होता. पान अर्धं उलगडलं होतं, कोवळं, तेल लावल्यासारखं चकचकीत. खाली येऊन त्यांनी बायकोला ते सांगितलं नाही. रत्नव्वानंही विचारलं नाही. नवरा दिवसातून दोनदा जिना चढतोय एवढं तिनं मनात टिपून ठेवलं आणि त्या रात्री भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी जरा जास्त वाढली.

भीमाप्पांची बादली मात्र रोज चालू होती. बाराव्या दिवशी ते वर गेले, तर कोपऱ्यातलं ते मारून न मरणारं झाड कुंडीबाहेर कललेलं. त्यांनी सरळ करायला पान धरलं आणि पान हातातच आलं. बुडखा काळा, लिबलिबीत. कुजक्या कांद्यासारखा वास सुटला.

भीमाप्पांनी ते पान परत बुडख्यावर टेकवून बघितलं. शेडमध्ये एखादा माग त्यांच्या हातून बिघडला असता तर एवढं वाटलं नसतं. तो मालकाचा होता, आणि मालक शिव्या देऊन मोकळा झाला असता. ही दुसऱ्याच्या पोरीनं जीव लावलेली वस्तू होती.

ते तरातरा खाली आले. अंघोळ केली. आरशासमोर उभं राहून नऊ दिवसांची दाढी उतरवली. रत्नव्वा स्वयंपाकघराच्या दारातून बघतच राहिली.

"अवो, कुणाचं लगीन हाय?"

"झाड मेलंय," भीमाप्पा ओरडले. "पिशवी दे. मोठी."

कुजलेलं झाड पिशवीत घालून ते बसमध्ये बसले. कोल्हापुरात आल्यापासून ते एकटे कुठं गेले नव्हते. शेजारच्या माणसानं वासानं नाक मुरडलं आणि उठून दुसरीकडं जाऊन बसला. भीमाप्पांचं तिकडं लक्ष नव्हतं. कळंब्याच्या रस्त्याला रोपवाटिकेची पाटी दिसली तसे ते उतरले.

रोपवाटिकेचा मालक आकाराम, पन्नाशीचा, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला, रोपं निवडत बसला होता. त्यानं पिशवीत डोकावून बघितलं.

"कुणी मारलं हे?"

"मी."

"पाणी किती घालत होता?"

"रोज तांब्याभर."

"तांब्याभर!" आकाराम ताडकन उभा राहिला. "पावणं, ह्याला पंधरा दिवसांतनं एकदा घोटभर लागतंय. बुडवून मारलंसा की बिचाऱ्याला!"

"मला काय म्हाईत? झाडाला पाणी घालायचं न्हाय तर काय घालायचं?"

"इकडं या." आकारामनं त्यांना हात धरून शेडखाली नेलं आणि एका कुंडीपुढं बसवलं. "बोट घाला मातीत. वरवर न्हाय, दोन पेरं आत. काय लागतंय?"

भीमाप्पांनी डोळे मिटले. "वर कोरडं. खाली गार हाय. ओल हाय."

"म्हंजे पाणी न्हाय घालायचं. आता ही दुसरी."

"ही पार कोरडी. माती बोटाला चिकटंना."

"हिला घालायचं. झालं! कागदबिगद काय बघायला नको. रोज बोट घालायचं, माती सांगती."

भीमाप्पा तसेच बसून राहिले. मग तिसऱ्या कुंडीत बोट घातलं. चौथ्या. पाचव्या. आकाराम गिऱ्हाईक बघून परत आला, तरी हा म्हातारा रांगेनं कुंड्या तपासत पुढं सरकतच होता आणि स्वतःशी मोठ्यानं बोलत होता, "हिला उद्या. हिला आज. हिला न्हाय." आकारामनं मागोमाग दोन-चार कुंड्यांत बोट घालून बघितलं. म्हाताऱ्याचं एकही चुकलं नव्हतं.

"काय काम करत होता पावणं?"

"जॉबर. इचलकरंजीला."

"तरीच," आकाराम म्हणाला आणि चहा मागवला.

निघताना आकारामनं मेलेल्या झाडाची दोन पानं, जी वरच्या बाजूला अजून टणक होती, ती कापून दिली. चार दिवस सुकवून वाळूत खोचायला सांगितली. "फुटतील. पण घाई करायची न्हाय. दोन-तीन महिनं बी लागतील." तोवर सोनमच्या कोपऱ्यात ठेवायला भीमाप्पांनी नवं स्नेक प्लांट घेतलं. तिथं बरीच होती. त्यांनी त्यातलं सगळ्यात देखणं निवडलं, पानांना पिवळीधमक किनार असलेलं.

नव्या झाडाला त्यांनी जुन्याच कुंडीत, जुन्याच जागी बसवलं आणि चष्मा लावून फ्रिजवरचा कागद पहिल्यांदा वाचला. त्या दिवसापासून सकाळी सातला ते वर. प्रत्येक कुंडीत बोट. कुणाला पाणी, कुणाला नुसती पानं पुसणं, कुणाला खिडकीकडून जरा सरकवणं. एका कुंडीतून बाहेर लोंबणारी छोटी छोटी रोपं तोडून त्यांनी दह्याच्या रिकाम्या डब्यांत लावली. मनी प्लांटच्या फांद्या बाटल्यांत ठेवल्या. डबे कमी पडले तेव्हा रत्नव्वाकडं मागितले.

"माझ्या घरात माती आणायची न्हाय," तिनं बजावलं.

"वरच ठेवतोय की."

जुलैच्या एका रविवारी सोनमचा व्हिडिओ कॉल आला. रत्नव्वानं फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि भीमाप्पा तो घेऊन वर गेले.

"वा, काका! सगळी झाडं काय तरारलीत!" सोनम खूश होती. "जरा कोपऱ्यातलं दाखवा बघू." भीमाप्पांनी फोन तिकडं वळवला आणि लगेच दुसरीकडं फिरवला.

"थांबा थांबा. काका, माझ्या स्नेक प्लांटला पिवळी किनार कधी आली?"

भीमाप्पांनी फोन खिडकीबाहेर धरला.

"काका?"

"मेलं ते!" भीमाप्पा एवढ्या मोठ्यानं म्हणाले की खालच्या मजल्यावर रत्नव्वाला ऐकू गेलं. "माझ्या हातनं मेलं. जास्त पाणी घातलं. तू काकूला म्हणालतीस मारलं तरी मरत न्हाय, मी मारून दाखवलं. हे दुसरं आणलंय. चांगल्यातलं आणलंय. पण ते तुझं न्हाय. माफी कर पोरी."

भीमाप्पांनी चष्मा वर करून बघितलं. सोनम तोंडावर हात धरून हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"काका, अहो, एवढंच ना? झाड होतं, गेलं."

"तुझं लाडकं होतं."

"होतं." तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी मी बदली होऊन इथं आले ना, तेव्हा फार वाईट दिवस होते. बँकेतून आले की दार लावून बसायची. जेवायची नाही, झोपायची नाही. कुणाशी बोलावंसंच वाटायचं नाही. सकाळी उठणं म्हणजे डोंगर वाटायचा. तेव्हा बँकेतल्या मैत्रिणीनं ते झाड दिलं. म्हणाली, तुला काहीच जमत नसेल तर हे सांभाळ, कारण याला काहीच लागत नाही."

"मग झाडानं बरी झालीस?"

"एकट्या झाडानं नाही काका. डॉक्टरकडं गेले. आठ महिने गोळ्या घेतल्या, डॉक्टरांशी बोलायला जायची. पण घरी आल्यावर कुणीतरी आपली वाट बघतंय असं वाटायचं. मग एकाची दोन झाली, दोनाची सत्तावीस. कशानं किती फरक पडला कोण सांगणार? सगळ्यानं मिळून पडला."

भीमाप्पा खुर्चीवर बसले होते. फोन हातात तिरका झाला होता, सोनमला त्यांचा नुसता कान आणि खिडकी दिसत होती.

"पोरी," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज लहान निघाला. "मला बी तसंच होतंय गं."

"माहितीये काका. काकू बोलल्या होत्या." सोनम म्हणाली. "मी नंबर पाठवते. चांगले डॉक्टर आहेत. जाल?"

"जातो."

डॉक्टरांचा दवाखाना राजारामपुरीत होता. बाहेर सात-आठ माणसं एकमेकांची नजर चुकवत बसलेली. आत डॉक्टर हळू आवाजात विचारत होते, पण भीमाप्पांना हळू ऐकू येत नव्हतं आणि त्यांना हळू बोलताही येत नव्हतं. शेवटी डॉक्टरांनाही आवाज चढवावा लागला.

"झोप लागते का?"

"न्हाय!"

"रडू येतं कधी?"

"येतंय! बाथरूमात जाऊन रडतो! बायकोला कळू नये म्हणून नळ सोडतो!"

शेजारी बसलेल्या रत्नव्वानं चमकून त्यांच्याकडं बघितलं, आणि मग टेबलाखाली त्यांचा हात धरला. बाहेरच्या बाकांवर सगळं ऐकू जात होतं. डॉक्टरांनी आणखी बरंच विचारलं, गोळ्या लिहून दिल्या, पंधरा दिवसांनी बोलावलं आणि कान तपासून घ्यायलाही सांगितलं. झाडांचं ऐकून म्हणाले, "ते सोडू नका. पण त्याच्या भरवशावर गोळी चुकवायची नाही."

भीमाप्पा बाहेर आले तेव्हा सगळे त्यांच्याकडं बघत होते. त्यांना जरा लाजल्यासारखं झालं. चप्पल घालायला वाकले, तेवढ्यात बाकावरचा एक धिप्पाड, मिशीवाला गडी सरकून जागा करत म्हणाला, "बसा पावणं जरा. मला बी तसंच होतंय. मी बी नळच सोडतो."

त्याच्या शेजारची बाई हसली. मग दुसऱ्या टोकाचा म्हाताराही हसला. भीमाप्पा बसले. त्या गड्याचं नाव, गाव, धंदा सगळं विचारून घेतलं. रत्नव्वाला त्यांना ओढून न्यावं लागलं.

काही एकदम बदललं नाही. पहिले दोन-तीन आठवडे गोळीनं तोंड कोरडं पडायचं. काही सकाळी भीमाप्पा पुन्हा भिंतीकडं तोंड करायचे. पण सात वाजले की वरच्या कुंड्या आठवायच्या. श्रावणात ते पुन्हा अंघोळीनंतर पूजेला बसायला लागले, आणि एका सोमवारी रत्नव्वानं गव्हाची गोड हुग्गी केली तेव्हा तिसऱ्यांदा वाटी पुढं केली. आठवड्यातून एकदा आकारामकडं चक्कर व्हायची. तिथं पाणी फवारायचा पंप सारखा अडकायचा. भीमाप्पांनी त्यावर तळहात ठेवला, "आतलं वॉशर गेलंय" म्हणाले आणि तासाभरात तो चालू करून दिला. आकारामनं त्या बदल्यात कुंडीभर शेणखत दिलं. ते रत्नव्वाला कळू न देता वर पोचलं.

सप्टेंबरच्या शेवटी सोनम परत आली. बॅग दारातच टाकून ती घरात शिरली आणि जागच्या जागी उभी राहिली. खिडकीत, टीपॉयवर, टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, फ्रिजवर, सोफ्याच्या हातावरसुद्धा हिरवं. दह्याचे डबे, तेलाचे कापलेले कॅन, लोणच्याच्या बरण्या.

तिनं मोजायला सुरुवात केली. भीमाप्पा मागं हात बांधून उभे.

"काका, मी सत्तावीस ठेवून गेले होते. एकेचाळीस कशी झाली?"

"झाली," भीमाप्पा म्हणाले. "आपली आपण."

"मी बसू कुठं?"

हा विचार भीमाप्पांनी केला नव्हता. ते सोफ्यावरचे डबे उचलायला धावले. सोनम हसत खाली फरशीवरच बसली आणि बराच वेळ एकेक डबा जवळ ओढून बघत राहिली. वाळूत खोचलेल्या पानाच्या बुडाशी बोटाच्या नखाएवढा हिरवा कोंब वर आला होता. तिला तो कशाचा आहे हे सांगावं लागलं नाही.

चौदा डबे कुठं न्यायचे हा प्रश्न सुटायला आठवडा लागला. कोंबाचा डबा सोनमनं ठेवून घेतला आणि त्याच्या बदल्यात आपल्या कुंड्यांतली एक दिली. एक डबा रत्नव्वानं स्वतः उचलून ओट्यावरच्या खिडकीत ठेवला. मातीबद्दल ती अवाक्षरही बोलली नाही. बाकीचे घेऊन भीमाप्पा दारोदार फिरले. दीड वर्ष एका जिन्यानं जाऊन-येऊनही ज्यांची तोंडं त्यांनी बघितली नव्हती, त्यांच्या घंट्या वाजवल्या. "मी भीमाप्पा, दोन नंबर मजला. हे घ्या. फुकट हाय. रोज बोट घालून बघायचं, उगं पाणी घालायचं न्हाय!" एवढं दारातच ओरडून सांगायचे. बहुतेकांनी आत बोलावलं. चार घरी चहा झाला, एका घरी जेवणच.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. त्या दिवशी सकाळ जड होती. सात वाजून गेले, आठ वाजले, भीमाप्पा उठले नाहीत. रत्नव्वानं गोळी आणि पाणी आणून दिलं, ते घेतलं आणि पुन्हा आडवे झाले. ती कपाळावरून हात फिरवून गेली.

नऊच्या सुमाराला बेल वाजली. तळमजल्यावरची वर्षाराणी आली होती, शिवणकाम करणारी, चाळिशीची बाई. गळ्यात मोजायची टेप तशीच आणि हातात पिवळं पडलेलं पान. काकांना कमी ऐकू येतं म्हणून ती मोठ्यानंच बोलली.

"काका आहेत का? तुम्ही दिलेल्या झाडाचं बघा की हो काय झालंय. काल चांगलं होतं. माझं कशात लक्ष लागेना, ब्लाउजची बाहीच उलटी शिवली."

"झोपल्यात ते," रत्नव्वा म्हणाली.

"न्हाय झोपलो!" आतून आवाज आला. "पान खालचं हाय का वरचं?"

"खालचं!"

"एकच?"

"एकच!"

"मग काय न्हाय त्याला. म्हातारं झालंय पान, गळणारच. थांब, तरीबी येतो."

आत खाटेचा कुरकुर आवाज झाला. भीमाप्पा उठून बसले होते आणि पायानं खाटेखाली चपला चाचपत होते.